माळ उरली, नाम हरपले

आमच्या इंदूरच्या घरातील देवघरात खणाच्या एका जुन्या गोमुखीत तुळशीची एक माळ आहे. मणी एकशे आठ आणि वर मेरुमणी. दोरा आमच्या मातोश्रींनी दोनदा बदललेला आम्हांस आठवतो; मणी मात्र तेच, बोटांच्या घर्षणाने इतके गुळगुळीत झालेले की हातात घेताच निसटू पाहतात. ही माळ आमच्या पणजोबांची. ते होळकर दरबारच्या दप्तरात कारकून होते. पहाटे स्नान उरकून, गोमुखीत हात घालून ते दोन घटका बसत, असे आजी सांगे. ते कोणते नाम घेत होते, हे मात्र घरात कोणासही ठाऊक नाही. त्यांस गुरुमंत्र होता. तो त्यांनी पत्नीस सांगितला नाही, मुलांस सांगितला नाही. पणजोबा गेले आणि त्यांच्यासवे तो मंत्रही गेला. माळ उरली, नाम हरपले.

याच घरात आमच्या आजीचा जप मात्र सर्वांस पाठ होता. ती जात्यावर बसली, ताक घुसळू लागली, वाती वळू लागली, की तिच्या ओठांवर ‘राम कृष्ण हरी’ येई. तिला कोणी दीक्षा दिली नव्हती. तिने ते आपल्या आईकडून ऐकले, आम्ही तिच्याकडून ऐकले. पणजोबांचा मंत्र आणि आजीचा मंत्र, एकाच छपराखालच्या या दोन रीती आम्ही लहानपणापासून पाहत आलो. पण त्यांचा कधी विचार केला नव्हता.

तो करण्याची वेळ मागील दिवाळीत आली. बंगळूरला नोकरी करणारा आमचा नातू चार दिवस आला होता. एका सकाळी देवघरापाशी येऊन म्हणाला, “आजोबा, रात्री झोप लागत नाही. डोक्यात कामाचं चक्र फिरत राहतं. एखादं नाव घेऊन रोज थोडा वेळ बसायचं ठरवलंय. पण कोणतं घेऊ? प्रत्येक जण निराळं सांगतो.” आम्ही नेहमीच्या वडीलकीने म्हणालो, “कोणतंही घे रे, देव एकच.” त्यावर तो शांतपणे म्हणाला, “मग तुम्ही कोणतं घेता?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर पाच वर्षांत आम्ही तीन मंत्र धरले आणि तिन्ही सोडले, हे सांगण्याचा धीर झाला नाही. म्हणून त्यास म्हटले, “थांब, विचार करून सांगतो.” प्रस्तुत लेख हा तो विचार आहे. आमच्याप्रमाणेच दोनतीन शतकांपूर्वी महाराष्ट्र सोडून आलेल्या अनेक घरांत अशी एखादी मुकी माळ असेल, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे ध्यानी घ्यावे, की ‘मी कोणते नाम निवडू?’ हा प्रश्न आपल्या पूर्वजांपैकी बहुतेकांस पडलाच नसता. जुन्या व्यवस्थेत मंत्र जन्माबरोबर ठरे. मुंजीत बटूला गायत्रीचा उपदेश होई. ज्यांची मुंज होत नसे त्यांस, म्हणजे समस्त स्त्रियांस आणि समाजाच्या फार मोठ्या भागास, तो मंत्र बंद होता. जपाचे माहात्म्य मात्र त्या व्यवस्थेतही मोठे होते. विधियज्ञाहून जपयज्ञ दसपट श्रेष्ठ, ओठांतल्या ओठांत पुटपुटलेला उपांशु जप शंभरपट आणि मनातल्या मनात केलेला सहस्रपट, असे प्रमाण मनुस्मृतीने दिले आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी यज्ञांमध्ये जपयज्ञ ही आपली विभूती म्हणून सांगितली आहे. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात प्रणवाचा जप आणि त्याच्या अर्थाचे चिंतन ही जोडी घालून दिली. तथापि या सर्व विवेचनात साधकाने आवडीने नाम निवडावे, असे कोठे आढळत नाही. ज्याचा त्यास अधिकार, आणि अधिकाराप्रमाणे मंत्र, असा तो शिरस्ता.

दुसरी वाट नाथपंथाची. निवृत्तिनाथांस गहिनीनाथांकडून आणि ज्ञानदेवांस निवृत्तिनाथांकडून जो ठेवा मिळाला, त्यात सोऽहंचा अजपाजप होता. श्वास आत येताना एक अक्षर, बाहेर जाताना दुसरे. मनुष्य दिवसरात्रीत एकवीस हजार सहाशे श्वास घेतो असे योगग्रंथांचे गणित आहे; म्हणजे मिनिटाला पंधरा. हा जप करावा लागत नाही, तो चाललेलाच असतो. त्याकडे लक्ष द्यावयाचे एवढेच. येथेही निवड नाही. पण जातीचा वा लिंगाचा अडसरही नाही, कारण श्वास सर्वांचाच. ज्ञानदेवांनी १२९० मध्ये, म्हणजे शके १२१२ त, गीतेवरील टीका पूर्ण केली. परंतु खेडोपाडी, शेतात आणि माजघरात त्यांचे नाव पोहोचले ते मुख्यतः हरिपाठाने. श्वासाच्या गूढ साधनेशेजारी त्यांनी मुखाने घ्यावयाचे साधे हरिनाम मांडले आणि वारकरी संप्रदायाने तेच उचलले.

निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो तुकोबांच्या चरित्रात. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन आपल्या मस्तकावर हात ठेवला, राघव चैतन्य, केशव चैतन्य अशी परंपरेची खूण सांगितली आणि ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र दिला, हे तुकोबांनी स्वतःच एका अभंगात नोंदविले आहे. तिथीही दिली आहे : माघ शुद्ध दशमी, गुरुवार. वर्ष न सांगितल्यामुळे अभ्यासकांत पुष्कळ वाद झाले; तो भाग येथे सोडून देऊ. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते निराळेच. गुरूंनी आपणांस आवडीचाच मंत्र सांगितला, ज्याने कोठे गुंता होणार नाही असा, या अर्थाचे उद्गार तुकोबा काढतात. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी होती, ज्यांच्या जिभेवर आधीच विठ्ठलाचे नाम होते, त्यांस गुरूंनी अपरिचित बीजाक्षरे दिली नाहीत. ओळखीचेच नाम त्यांच्या हाती ठेवले. दुकान बुडालेले, दुष्काळात पत्नी आणि मुलगा गेलेला, अशा माणसास गुरूंनी जे दिले ते त्याच्याच घरचे होते.

हा तपशील लहान दिसतो, पण त्याने एक जुना वाद मिटतो असे आम्हांस वाटते. नाम गुरूकडून यावे की आपल्या आवडीने घ्यावे, असा पेच आपण घालतो. तुकोबांच्या साक्षीप्रमाणे या दोन गोष्टी एकाच क्षणी घडू शकतात. गुरू शिक्कामोर्तब करतो. पण कागद आधी आपल्या घरी लिहिला गेलेला असतो. आयुष्यभर कागदपत्रांत वावरलेल्या माणसास हीच उपमा सुचावी, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

या कथेचा पुढचा भाग बहिणाबाईंचा. त्यांचा काळ १६२८ ते १७००. कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले आणि तुकोबांना न पाहताच त्यांनी त्यांस गुरू मानले. पुढे तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला, असे त्या आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगतात. बहिणाबाई ब्राह्मण घरच्या, पती वेदपाठी. आणि गुरू देहूचे कुणबी-वाणी. ब्राह्मण स्त्रीने शूद्राचा उपदेश घेतला ही गोष्ट पतीस सहन झाली नाही. त्यांनी बहिणाबाईंस मारहाण केली, बांधून ठेवले. हेही त्यांनी लपविलेले नाही. अखेर पतीचे मन पालटले, दोघे देहूस गेले, आणि तेथेही त्यांस विरोध झाला.

आज आपण एखादे नाम सहज घेतो आणि सहज सोडतो. नाम निवडणे हे बहिणाबाईंसाठी मार खाण्याचे कारण होते, हे विसरता कामा नये. चोखोबांस देवळाच्या पायरीपाशी थांबावे लागले, तरी नाम घेण्यापासून त्यांस कोणी रोखू शकले नाही. उघड्या नामाचे सामर्थ्य येथे आहे. जे कोणाच्याही कानी पडू शकते, ते कोणाच्याही ओठांवर येऊ शकते. आणि एकदा ओठांवर आले की ते काढून घेण्याचे साधन कोणत्याही सत्तेपाशी नसते.

समर्थ रामदासांची रीत याच शतकातील, पण घडण वेगळी. जांबहून निघून ते नाशिकजवळ टाकळीस आले. तेथे नंदिनी आणि गोदावरी यांचा संगम आहे. १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे ते तेथे होते आणि ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या त्रयोदशाक्षरी मंत्राचा त्यांनी तेरा कोटी जप केला, अशी परंपरा आहे. आम्ही स्वभावाने हिशेबी. बारा वर्षांचे दिवस ४,३८३ धरले, तर रोजचा जप सुमारे २९,६६० होतो; माळा २७५. एका मंत्रास दोन सेकंद धरले तर रोज साडेसोळा तास, एक सेकंद धरला तर सव्वाआठ तास. सूर्योदयापासून माध्यान्हापर्यंत पाण्यात उभे राहून जप आणि मग भिक्षा, असा दिनक्रम सांगितला जातो. त्यात हा आकडा बसविणे अवघड आहे. पण परंपरेचा आकडा हिशेबनीसाच्या वहीत मांडू नये. त्यातून सांगावयाचे ते इतकेच, की बारा वर्षांच्या तरुणपणात त्या पुरुषाने मंत्र बदलला नाही.

समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवेचन केले आहे. त्यातील तिसरा समास नामस्मरणाचा. नामाचा अधिकार चारही वर्णांस आहे, तेथे लहानथोर हा भेद नाही, असे ते तेथे स्पष्ट सांगतात. म्हणजे उपासना रामाची, शिस्त मठाची, संघटना कडेकोट; तरी नाम उघडे. तेरा अक्षरे कोणीही मोजावीत आणि कोणीही म्हणावीत. मराठे जसजसे दक्षिणेत तंजावरपर्यंत आणि पूर्वेस तेलंगणापर्यंत पसरले, तसतसे रामदासी मठही पसरले आणि त्यांच्याबरोबर ही तेरा अक्षरेही गेली.

आता आपण आपल्या, म्हणजे बाहेर पडलेल्या मराठी माणसांच्या, गोष्टीकडे वळू. अठराव्या शतकात शिंदे, होळकर, पवार, गायकवाड यांच्या फौजांमागून जी घरे माळव्यात आणि गुजरातेत आली, त्यांनी बरोबर काय आणले? टाक आणले, कुळाचाराच्या वह्या आणल्या, मोडी कागद आणले. कुलदैवत मात्र मागे राहिले. जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर यांचे अंतर आज एका रात्रीचे आहे, त्या काळी महिन्याचे होते. देऊळ आणता येत नाही, नदी आणता येत नाही, कुलगुरूंचे घराणे सहसा येत नाही. नाम आणता येते. त्यास बैलगाडीत जागा लागत नाही.

या प्रवासाचे एक ठळक उदाहरण सोहिरोबानाथ आंबिये (१७१४-१७९२) यांचे. पेडणे महालाशी नाते असलेले आणि बांद्यास राहिलेले हे सत्पुरुष मूळचे कुलकर्णी, म्हणजे आमच्याच महसुली जातकुळीचे. अनुग्रह झाल्यावर त्यांनी दप्तर सोडले, घर सोडले. पुढे ते उत्तरेस ग्वाल्हेर, उज्जैन या भागांत आले आणि उज्जैनीसच त्यांची इहलोकीची यात्रा संपली असे मानतात. त्यांच्या पदांत नाथपंथाची श्वासाची साधना आणि साधे हरिभजन शेजारीशेजारी नांदतात. गोव्याच्या सीमेवरून निघालेले हे पाणी क्षिप्रेला येऊन मिळाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समर्थांचा तोच त्रयोदशाक्षरी मंत्र नव्या जोमाने इकडे आला तो गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांमुळे (१८४५-१९१३). माण तालुक्यातील गोंदवल्याचे हे महाराज गुरूच्या शोधात लहानपणीच घराबाहेर पडले आणि येहळेगावच्या तुकामाईंकडून त्यांस अनुग्रह मिळाला. इंदूरशी त्यांचा संबंध दाट होता. पुढे कर्नाटकात ज्यांनी त्यांचा संप्रदाय वाढविला ते ब्रह्मानंद महाराज गुरूच्या शोधात फिरत असता त्यांची आणि महाराजांची भेट इंदुरातच झाली, असे चरित्रांत सांगितले आहे. कानडी मुलखातील शास्त्री, साताऱ्याकडील गुरू आणि भेटीचे ठिकाण माळवा! महाराज अनुग्रह देत, पण मंत्र उघडा. अनुग्रह न घेतलेला मनुष्यही तोच म्हणू शके. मन लागो न लागो, नाम सोडू नये, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता.

तिसरे उघडे नाम दत्तसंप्रदायाचे. माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी (१८५४-१९१४), यांनी उज्जैनीस संन्यासदंड घेतला आणि उर्वरित आयुष्य पायी भ्रमणात घालविले. हिमालयापासून कृष्णा-तुंगभद्रेच्या तीरांपर्यंत त्यांनी चातुर्मास केले आणि नर्मदाकाठी गरुडेश्वर येथे देह ठेवला. ‘दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा’ हा अठरा अक्षरांचा मंत्र त्यांनी लोकांच्या मुखी दिला. संस्कृतात सहस्रावधी श्लोक रचणाऱ्या या संन्याशाने सामान्यांसाठी दिलेले नाम असे की तान्ह्या मुलास झोपविताना म्हणावे आणि पालखीपुढे टाळावर म्हणावे. बडोद्याच्या मराठी घरांत तर ते हमखास ऐकू येते. त्यांचे एक शिष्य रंग अवधूत (१८९८-१९६८) हे गोध्र्यास स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. ते नर्मदाकाठी नारेश्वर येथे राहत, आणि १९३५ मध्ये त्यांनी गुजरातीत ‘दत्तबावनी’ रचली. ती आज गुजरातभर म्हटली जाते. म्हणणाऱ्या अनेकांस रचणाऱ्याचे घर मराठी होते हे ठाऊकही नसते. आमच्या इंदुरात याच परंपरेचे नाना महाराज तराणेकर (१८९६-१९९३) होऊन गेले. टेंबे स्वामींनी रचलेली करुणात्रिपदी त्यांच्यामुळे माळव्यातील घराघरांत सायंकाळी म्हटली जाऊ लागली.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की लेखकाचा कल उघड आहे. गुप्त मंत्राची रीत वाईट आणि उघड्या नामाची चांगली. तसे म्हणणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल. सीमाभागातील निंबर्गी संप्रदाय याचे उत्तर देतो. त्या परंपरेत नाम गुरूने द्यावयाचे, शिष्याने ते जपावयाचे आणि चारचौघांत उच्चारावयाचे नाही. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून (१८४३-१९१४) जमखंडीच्या एका विद्यार्थ्याने १९०१ मध्ये असे नाम घेतले. तो विद्यार्थी म्हणजे पुढे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झालेले रामचंद्र दत्तात्रेय रानडे (१८८६-१९५७). महाराष्ट्रातील संतांच्या अनुभूतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये निघाला. ग्रीक तत्त्वज्ञांपासून उपनिषदांपर्यंत सर्व वाचलेल्या या माणसाने पंधराव्या वर्षी मिळालेले नाम अखेरपर्यंत, विजापूरकडील निंबाळच्या आश्रमात देह ठेवीपर्यंत, सोडले नाही. त्याच परंपरेच्या इंचगिरी शाखेतून सिद्धरामेश्वर महाराज आणि मुंबईचे निसर्गदत्त महाराज आले. म्हणजे गुप्त नामही टिकते, वाढते, सातासमुद्रापार जाते. मात्र देणारा आणि घेणारा यांची साखळी न तुटेल तर. आमच्या घरी ती तुटली. साताऱ्याकडचे गुरुघराणे तिकडेच राहिले, इकडे कोणी आले नाही, आणि पणजोबांस नाम पुढे देण्याचा अधिकार नव्हता. त्यांनी नियम पाळला. दोष त्यांचा नाही, अंतराचा आहे.

गुप्ततेमागेही एक शहाणपण आहे, हे आम्हांस फार उशिरा उमगले. जे नाम कोणास सांगावयाचे नाही, त्याची दुसऱ्याच्या नामाशी तुलना करता येत नाही. आणि तुलना थांबली की बदलण्याचा मोह थांबतो. आमची फजिती नेमकी येथेच झाली. निवृत्तीनंतर पहिल्या वर्षी रिकाम्या घड्याळाने आमची झोप नेली. तीस वर्षे जमिनींचे दावे ऐकलेल्या मनास कोणी दावा आणीना. मग ते रात्री जुनेच दावे पुन्हा चालवी. एका मित्राने पंचाक्षरी सांगितली. ती सहा महिने केली. दुसऱ्याने म्हटले, तुमच्या राशीस हे योग्य नव्हे. म्हणून दुसरी धरली. पुढे एका प्रवचनात तिसऱ्याचे माहात्म्य ऐकले आणि त्यामागे लागलो. प्रत्येक वेळी पहिले काही दिवस बरे वाटे, मग कंटाळा येई, मग शंका येई की हे नाम आपणांस मानवत नाही. खरे तर कंटाळा येणे हाच साधनेचा आरंभ असतो, आणि आम्ही दर वेळी त्या उंबरठ्यावरूनच परत फिरत होतो.

आधुनिक विद्येचे याविषयी काय म्हणणे आहे तेही थोडक्यात नोंदवितो, कारण नातवाच्या पिढीस तो पुरावा जवळचा वाटतो. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात श्वासाबरोबर एखादा साधा शब्द मनात घोळवावा असे सुचविले. त्यांचा शब्द होता ‘वन’, म्हणजे ‘एक’. कोणताही शब्द चालेल, असा त्यांचा आरंभीचा रोख. मात्र १९८४ च्या पुढील पुस्तकात, माणसाने आपल्या श्रद्धेतील शब्द घेतला तर त्याचा लाभ अधिक होतो, असे त्यांनी मांडले. इटलीतील बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तेवीस निरोगी प्रौढांवर केलेला एक प्रयोग ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि तिबेटी बौद्धांचा ‘ॐ मणि पद्मे हुं’ हे दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयी एकमेकींशी जुळतात, असे त्यांस आढळले. धर्म दोन, भाषा दोन, श्वास एकच. योगग्रंथांच्या हिशेबाने मिनिटास पंधरा असणारा श्वास लयबद्ध नामाने सहावर उतरतो, तेव्हा मन निवळावे यात नवल नाही. यातून नाम म्हणजे केवळ श्वासाची कसरत असे आम्ही म्हणणार नाही; पण ज्यास श्रद्धा नाही त्यानेही ते हसण्यावारी नेऊ नये, इतके यातून सिद्ध होते.

तर मग निवडावे कसे? इतिहासात आम्हांस जे दिसले ते असे. तुकोबांस मिळालेले नाम त्यांच्या घरात आधीपासून होते. बहिणाबाईंनी ते कीर्तनात ऐकले, त्यावर त्यांचे मन बसले, आणि मग त्यासाठी त्यांनी किंमत मोजली. समर्थांनी तेरा अक्षरे धरली आणि ती कोणापासून लपविली नाहीत. गुरुदेव रानड्यांनी मिळालेले नाम छप्पन्न वर्षे सांभाळले. कोणाचे नाम उघडे, कोणाचे गुप्त. कोणाचे जागेपणी मिळालेले, कोणाचे स्वप्नात. यांपैकी एकाही व्यक्तीने चार नामे समोर मांडून त्यांतले अधिक फलदायी कोणते, असा विचार केलेला दिसत नाही. जे आपल्याकडे चालत आले, अथवा ऐकताच आपले वाटले, ते त्यांनी धरले. त्यानंतरचे सारे काम धरून ठेवण्याचे होते.

म्हणून ज्यास गुरू लाभला आहे त्याने दिलेले नाम जपावे आणि सांगू नये म्हटले असेल तर सांगू नये. पण पुढे देण्याची परवानगी हयातीतच मागून ठेवावी. ज्यास गुरू नाही त्याने आपल्या घरात कान द्यावा. आजी दळताना काय म्हणे, वडील जांभई देताना काय पुटपुटत, संकटात आईच्या तोंडून कोणता शब्द निघे, हे आठवावे. तान्हेपणी कानी पडलेले नाम अर्थ कळण्यापूर्वीच आत जाऊन बसलेले असते. ते नव्याने शिकावे लागत नाही. ज्याच्या घरात तसे काहीच नसेल, त्याने जिभेस सोपे, श्वासात मावणारे आणि मनास प्रिय असे नाम घ्यावे, आणि निदान एक वर्ष तुलना वर्ज्य करावी. प्रथम उच्चाराने म्हणावे, मग ओठांत, मग मनात. ही शिडी शास्त्रानेच दिलेली आहे.

आमचे आम्ही काय केले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर नातवाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहून जाईल. गेल्या माघात आम्ही देवघरातील ती गोमुखी उतरविली. पणजोबांच्या माळेवर आजीचे नाम म्हणावे की न म्हणावे, यावर दोन दिवस घालविले. आधीच्या मंत्राचा अवमान तर होणार नाही? अखेर मेहुणीने, म्हणजे आमच्या घरातील एकमेव व्यवहारी व्यक्तीने, सांगितले, “भावजी, मणी लाकडाचे आहेत. त्यांना कोणतंही नाव चालतं. तुम्ही बसा.” आम्ही बसलो. पहिल्या दहा मण्यांत मन दोनदा दप्तरात जाऊन आले. ते परत आले तेव्हा नाम तेथेच होते, आजीच्याच चालीत.

अद्याप झोप सर्व रात्री येते असे म्हणण्याजोगी स्थिती नाही. परंतु नाम बदललेले नाही, आणि ते आम्ही मोठ्याने म्हणतो; शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतके. नातवास पत्र लिहून हे सर्व कळविले आहे. त्याचा दूरध्वनी आला, म्हणाला, “आजोबा, पणजीचंच घेतो मग. ते मला येतंच की.” त्यास ते कधी, कोणी शिकविले, हे आम्हांस आठवत नाही, त्यासही आठवत नाही.